नगरनिर्माता मलिक अंबर

नगर राजाच्या आज्ञेने उभे राहते, की पाण्याने? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर इतिहासाने दिलेले आहे. इ. स. १३२७ मध्ये दिल्लीच्या महंमद तुघलकाने देवगिरीला आपली राजधानी केली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. त्याच्या आज्ञेवरून दिल्लीतील कितीतरी कुटुंबे शेकडो कोसांची वाट तुडवीत दक्षिणेत आली. परंतु काही वर्षांतच राजधानी पुन्हा दिल्लीला गेली आणि सुलतानाचा हुकूम व्यर्थ ठरला. पुढे सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, त्याच दौलताबादपासून थोड्याच कोसांवर, खडकी नावाच्या एका लहानशा गावी दुसऱ्या एका पुरुषाने नगर वसविले. तो राजा नव्हता. राजकुळात तर नव्हेच, पण या देशातही त्याचा जन्म झालेला नव्हता. तथापि त्याने वसविलेले नगर टिकले, वाढले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर या नावाने मराठवाड्यातील सर्वांत मोठे शहर म्हणून ओळखले जाते. या नगरनिर्मात्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिका खंडातील इथिओपिया देशात झाला. त्या देशाला आपल्याकडे हबसाण म्हणत आणि तेथील लोकांना हबशी. त्याचे मूळचे नाव चापू असे होते. त्या काळी माणसांची खरेदी-विक्री करण्याची दुष्ट चाल अनेक देशांत रूढ होती. कोवळ्या वयातच चापू आपल्या आईबापांपासून तुटला आणि गुलामांच्या बाजारात जाऊन पोहोचला. तांबड्या समुद्रापलीकडील अरबस्तानात, तेथून बगदादला, असे त्याचे हस्तांतर होत गेले. ज्या मुलाने अंगणात खेळावे, त्याचा एका मालकाकडून दुसऱ्याकडे सौदा होत होता. त्याच्या मनाला त्या वेळी काय यातना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु दुःखाच्या या अंधारात एक दिवा लागला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने या मुलाची बुद्धी ओळखली. त्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले, हिशेब शिकविले आणि अंबर असे नवे नाव दिले. पुढे त्याला दक्षिण हिंदुस्थानात आणण्यात आले. त्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान नावाचा कर्तबगार पेशवा होता. त्याने अंबराला विकत घेतले. विशेष हे की, हा चंगीझखानही एके काळी हबशी गुलामच होता. गुलामगिरीतून वर येऊन मनुष्य राज्याचा कारभार चालवू शकतो, हे अंबराला आपल्या धन्याकडे पाहूनच कळले. राज्याचा वसूल कसा गोळा होतो, फौजेचा पगार कसा भागतो, दरबारातील तंटे कसे मिटतात, हे सर्व तो जवळून पाहत होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबराला गुलामगिरीतून मुक्त केले.

अंबर मुक्त झाला. परंतु त्याच्याजवळ ना वतन होते, ना नातेवाईक. होती ती केवळ शिकलेली विद्या आणि मनगटातील बळ. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. आपल्यासारखीच मायभूमीस मुकलेली माणसे त्याने हळूहळू भोवती जमविली. इ. स. १५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वारांसह निजामशाहीच्या चाकरीत परत आला. त्या वेळी निजामशाहीवर मोठे संकट आले होते. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने लढविला. परंतु दरबारातील बेबनावात तिचा अंत झाला आणि इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले.

किल्ला पडला म्हणजे राज्य बुडाले, असे पुष्कळांस वाटले. अंबराला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका मुलाला परांडा येथे गादीवर बसविले, दुसरा मुर्तझा निजामशहा या नावाने त्याची द्वाही फिरविली आणि स्वतः राज्याचा कारभार हाती घेतला. पुढील पंचवीस वर्षे निजामशाहीचा खरा आधार तोच होता. त्याने समोरासमोरची लढाई टाळून गनिमी काव्याचा अवलंब केला. डोंगर, घाट, रान आणि रात्रीचा अंधार यांचा आश्रय घेऊन त्याचे चपळ घोडेस्वार मोगलांची रसद मारीत आणि दिसेनासे होत. या स्वारांमध्ये मराठ्यांचा भरणा मोठा होता. वेरूळचे मालोजी भोसले आणि पुढे त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्यासारखे मराठे सरदार निजामशाहीच्या चाकरीत नावारूपास आले.

युद्ध असे चालू असताना राजधानी मात्र स्थिर नव्हती. परांड्याहून ती जुन्नरला गेली आणि जुन्नरहून इ. स. १६१० च्या सुमारास दौलताबादला आली. दौलताबादचा किल्ला अभेद्य खरा; परंतु किल्ला आणि नगर यांत अंतर असते. किल्ल्यावर शिबंदी राहू शकते. व्यापारी, कारागीर, विणकर, सोनार, माळी, त्यांची बायकामुले आणि गुरेढोरे यांना ऐसपैस सपाट जागा लागते. किल्ल्यापासून फार दूर नाही, अशी जागा अंबराने शोधली. खाम नदीच्या काठी, उत्तरेकडील डोंगर आणि दक्षिणेकडील साताऱ्याचे डोंगर यांच्यामध्ये, खडकी नावाचे एक खेडे होते. खडकाळ जमिनीमुळेच त्याला हे नाव पडले असावे. संकटाच्या वेळी दौलताबादच्या आश्रयास जाता येई आणि शांततेच्या वेळी मैदानात बाजारपेठ भरविता येई, अशी ही जागा होती. येथेच अंबराने इ. स. १६१० मध्ये नव्या नगराचा पाया घातला.

नगर वसविताना त्याने केवळ आपल्या वाड्याचा विचार केला नाही. त्याने मशिदी बांधल्या, बागा लावल्या आणि वाडे उभारले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ च्या सुमारास त्याने भडकल दरवाजा उभा केला. तो भव्य दरवाजा आजही त्या शहरात उभा आहे. सरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी येथे घरे बांधावीत म्हणून त्यांना जागा दिल्या गेल्या. नगराभोवती मराठे सरदारांच्या नावांचे पुरे वसले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेळोजी, परसोजी आणि विठोजी यांच्या नावांवरून पडली असे सांगतात. हबशी, मराठे, दक्षिणी मुसलमान, दूरदेशीचे व्यापारी, असे नाना जातिधर्मांचे लोक या नगरात एकत्र नांदू लागले.

परंतु जसजशी वस्ती वाढली, तसतसा एक प्रश्न बिकट होऊ लागला. तो प्रश्न पाण्याचा. खाम नदी लहान. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहे आणि उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडे. खडक फोडून विहिरी खणणे खर्चाचे होते. आणि खणल्या तरी फौज, घोडे, हत्ती आणि हजारो नागरिक यांची तहान त्या कशा भागविणार? पाणी नसलेले नगर फार दिवस टिकत नाही, हे शेजारचा इतिहासच सांगत होता.

अंबराने यावर विलक्षण उपाय योजिला. उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूस, जमिनीच्या पोटात पाणी मुरलेले असते. तेथून जमिनीखालून बांधीव नळ खणून ते पाणी नगरात आणावयाचे, असे त्याने ठरविले. दरबारात हा बेत निघाला तेव्हा एका वजिराने त्याची थट्टा केली, असे परंपरा सांगते. कोसच्या कोस खडकातून पाणी आणण्याचा विचार त्याला वेडेपणाचा वाटला.

हा आक्षेप अगदीच निराधार होता, असे म्हणता येणार नाही. राज्यावर दिल्लीच्या बादशाहीची तलवार टांगलेली होती. खजिन्यातील एकेक रुपया फौजेसाठी हवा होता. तोफ घेतली तर ती डोळ्यांना दिसते. घोडा घेतला तर तो दुसऱ्या दिवशी रणांगणावर धावतो. जमिनीखालचा नळ मात्र पुरा होईपर्यंत कोणाच्याच उपयोगाचा नसतो, आणि पुरा झाल्यावरही तो कोणास दिसत नाही. शिवाय पाणी खरोखरच नगरापर्यंत पोहोचेल, याची हमी कोण देणार? राज्यकर्त्यांपुढे असे प्रसंग वारंवार येतात. आजची निकड भागवावी, की उद्याची तरतूद करावी? यांतून निवड करणे हीच कारभाऱ्याची खरी कसोटी असते.

अंबराने दोन्ही गोष्टी केल्या. त्याने लढाई थांबविली नाही आणि खोदकामही टाळले नाही. पंधरा महिन्यांत आणि अडीच लक्ष रुपये खर्चून हे काम पुरे झाले, असे जुन्या वृत्तांतात नमूद आहे. ज्या दिवशी नगरातील हौदात डोंगराचे पाणी खळखळत येऊन पडले, त्या दिवशी थट्टा करणाऱ्यांस उत्तर देण्याची निराळी गरज उरली नाही. हाच तो प्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय.

या नहराची रचना समजून घेण्यासारखी आहे. मराठवाड्यात वर माती आणि मुरूम व खाली काळा पाषाण अशी जमीन आढळते. पावसाचे पाणी मुरुमातून खाली झिरपते; परंतु खालचा कठीण पाषाण त्यास पुढे जाऊ देत नाही. म्हणून मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यातून ते हळूहळू वाहत राहते. पृष्ठभागावरचे ओढे आटले, तरी हा आतला झरा पुष्कळ दिवस चालू असतो. अंबराने नेमके हेच पाणी धरले. जमिनीत खोल चर खणून त्याच्या बाजू दगडांनी बांधून काढल्या. दगडांच्या फटींतून पाणी आत झिरपे आणि नळातून वाहू लागे.

पुढचे सारे काम उताराचे होते. पाणी उपसण्यासाठी मोट नको, बैल नकोत, माणसेही नकोत. डोंगराची बाजू उंच आणि नगराची बाजू सखल असल्यामुळे पाणी आपल्याच ओढीने वाहत येई. परंतु हा उतार साधणे सोपे नसते. उतार अधिक झाला तर पाणी वेगाने धावून बांधकाम पोखरते. कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो. कोसच्या कोस जमिनीखाली हा उतार अचूक राखणाऱ्या गवंड्यांचे आणि खोदणाऱ्या मजुरांचे कौशल्य केवढे असेल! त्यांची नावे इतिहासाने जपून ठेविली नाहीत. परंतु त्यांचे काम मात्र शतकानुशतके टिकले.

नळावर ठराविक अंतराने विहिरीसारखी उभी भोके ठेविली होती. पुण्याच्या जुन्या कात्रज नळावरही अशी भोके आहेत आणि त्यांना उच्छ्वास म्हणतात. या उच्छ्वासांतून नळात हवा खेळे आणि माणसे आत उतरून गाळ काढू शकत. पाणी नगराजवळ आले म्हणजे ते गोमुखाच्या मोठ्या हौदात साठे आणि तेथून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून निरनिराळ्या मोहल्ल्यांत जाई. या खापरी नळांच्या वाटेवर जागोजाग दगडी मनोरे बांधलेले असत. पाणी एका बाजूने मनोऱ्यात चढे व दुसऱ्या बाजूने उतरे. त्यामुळे नळात कोंडलेली हवा निघून जाई, पाण्याचा अनावर दाब कमी होई आणि मातीचे नळ फुटत नसत. अशा रीतीने पाणी सार्वजनिक हौदांत, मशिदींत, बागांत आणि वाड्यांत पोहोचे.

ही विद्या अंबराला कोठून मिळाली? डोंगराखालचे पाणी जमिनीतील बोगद्यांनी आणण्याची पद्धत इराणात आणि त्याच्या आसपासच्या देशांत फार प्राचीन आहे. तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. अंबराचे बालपण त्या बाजूच्या देशांत गेले होते. दक्षिणेतही बिदर येथे अशी कारेझ होती आणि अहमदनगरलाही आजूबाजूच्या गावांहून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. अंबराने अनेक ठिकाणी जे पाहिले आणि ऐकले, ते त्याने आपल्या नगराच्या जमिनीस अनुकूल करून घेतले असले पाहिजे. गुलाम म्हणून ज्या देशोदेशींतून त्याला फिरावे लागले, तेथील ज्ञान त्याने वाया जाऊ दिले नाही.

नगराचा कारभार पैशावाचून चालत नाही आणि पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामातून. अंबराचे दुसरे मोठे कार्य या क्षेत्रातील आहे. त्यापूर्वी अनेक ठिकाणी सारा वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारास ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून मनास येईल तेवढे उकळी. अंबराने ही मक्तेदारी बंद केली. जमिनींची पाहणी केली, त्यांचा कस पाहून प्रत ठरविली आणि पिकाच्या मानाने सारा बसविला. गावचा पाटील आणि कुलकर्णी यांच्यामार्फत वसुलाची व्यवस्था लावली. उजाड झालेली गावे पुन्हा वसविण्यास उत्तेजन दिले. ही व्यवस्था मलिकंबरी या नावाने प्रसिद्ध झाली आणि पुढे शिवकालातही तिचा उपयोग झाला. शेतकऱ्याला आपण किती द्यावयाचे हे आधी ठाऊक असले, म्हणजे तो निश्चिंतपणे नांगर धरतो. त्यामुळेच अखंड युद्धे चालू असतानाही अंबराचा मुलूख ओस पडला नाही. इ. स. १६१७ मध्ये एक डच व्यापारी त्याला भेटला होता. या वृद्ध हबशी कारभाऱ्याचा दरारा आणि त्याच्या मुलखातील सुव्यवस्था यांची त्याने आपल्या लिखाणात वाखाणणी केली आहे.

दिल्लीच्या जहांगीर बादशहाला मात्र हा मनुष्य डोळ्यांत सलत होता. त्याने अंबराविरुद्ध सेनापतीमागून सेनापती पाठविले. रणांगणावर अंबर हाती लागेना, तेव्हा बादशहा त्याच्या कापलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे, असे एक चित्र दरबारी चित्रकाराने रंगविले. प्रत्यक्षात जे घडले नाही, ते कागदावर घडवून बादशहाने समाधान मानले!

परंतु अंबराच्या वाट्यास नेहमी विजयच आले, असे नाही. इ. स. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत त्याचा पराभव झाला. त्याचे काही सरदार शत्रूस जाऊन मिळाले होते. विजयी मोगल फौज थेट खडकीत घुसली आणि तिने नगराची नासधूस करून ते जाळले. राखेतून अंबराने पुन्हा नगर उभे केले. परंतु पाचच वर्षांनी, इ. स. १६२१ मध्ये, शाहजादा खुर्रम, म्हणजेच पुढचा शाहजहान बादशहा, दक्षिणेत आला. त्याची फौज खडकीवर चालून येत आहे असे कळताच निजामशहा दौलताबादच्या किल्ल्यात गेला. मोगलांनी तीन दिवस खडकीत तळ देऊन घरेदारे जमीनदोस्त केली. हे नगर पुढच्या वीस वर्षांतही पूर्वीच्या शोभेस येणार नाही, अशी नोंद बादशहाच्या आत्मवृत्तात आढळते.

हा अंदाज चुकला. लोक परत आले. भिंती पडल्या होत्या, छपरे जळाली होती. परंतु जमिनीचा उतार कोणास जाळता येत नाही. डोंगराच्या पोटातील झरे कोणास लुटून नेता येत नाहीत. जेथे पाणी आहे, जेथे बाजाराच्या वाटा रुळलेल्या आहेत आणि जेथे कारभाऱ्यावर विश्वास आहे, तेथे माणसे पुन्हा चूल मांडतात. खडकी तिसऱ्यांदा उभी राहू लागली. अंबराचे वय त्या वेळी सत्तरीच्या पुढे गेले होते.

याच वयात त्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय मिळविला. इ. स. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी येथे एक तलाव होता. अंबराने त्या तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या छावणीच्या वाटेवर पसरले, चिखल झाला, तोफा व घोडे रुतले आणि रसद अडली. मग अंबराच्या स्वारांनी हल्ला चढविला व शत्रूचा मोड झाला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजविला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. ज्याने पाणी अडविण्याची आणि वळविण्याची विद्या नगरासाठी वापरली, त्यानेच तिचा रणांगणावरही उपयोग केला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण थोर पुरुषांचे चरित्र वाचताना केवळ त्यांचे गुण पाहणे पुरेसे नसते. भातवडीच्या विजयानंतर अंबर विजापूरच्या मुलखात शिरला. विजापूरजवळ इब्राहिम आदिलशहाने नौरसपूर नावाचे सुंदर नवे नगर वसविण्यास इ. स. १५९९ मध्ये प्रारंभ केला होता. अंबराच्या फौजेने ते नगर लुटून उद्ध्वस्त केले. पुढे ते कधीच पूर्वीसारखे वसले नाही. स्वतःचे नगर दोनदा जळताना ज्याने पाहिले, त्याच्या हातून दुसऱ्याचे नगर नष्ट व्हावे, ही मोठी खेदाची गोष्ट होय. युद्ध हे असेच असते. वर्षानुवर्षांच्या श्रमाने जे उभे राहते, ते त्यात चार दिवसांत मातीस मिळते. आणि नगर कोणाचेही असो, रडतात ती तेथील सामान्य माणसेच.

इ. स. १६२६ मध्ये, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वयात, मलिक अंबर निवर्तला. खुलदाबाद येथे त्याची दगडी कबर आहे. ज्या जहांगिराने त्याचा आयुष्यभर द्वेष केला, त्याच्याच दरबारातील इतिहासकाराने अंबराच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे युद्धकौशल्य, न्याय आणि राज्यव्यवस्था यांची मुक्तकंठाने स्तुती केली. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही प्रशंसा कोणत्याही पदवीपेक्षा मोठी आहे.

अंबरामागून निजामशाही फार काळ तगली नाही. त्याचा पुत्र फत्तेखान याने खडकीचे नाव फत्तेनगर ठेविले. पुढे इ. स. १६५३ मध्ये दक्षिणेचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने त्या नगराला आपले नाव देऊन ते औरंगाबाद केले. इ. स. २०२३ मध्ये त्याला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. नावे बदलत गेली. परंतु नहर वाहतच राहिला. त्याचा कित्ता गिरवून पुढील काळात त्या शहरासाठी आणखी नहर बांधण्यात आले. सुप्रसिद्ध पाणचक्कीला पाणी आणणारा नहर हा त्यांपैकीच एक आहे. पुष्कळ लोक तोही अंबराचाच समजतात. परंतु तो अठराव्या शतकातील आहे.

विसाव्या शतकात शहर झपाट्याने वाढले. इ. स. १९७६ मध्ये पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण पूर्ण झाले आणि पुढे तेथील पाणी यंत्रांच्या साहाय्याने शहरात येऊ लागले. इ. स. १९८२ मध्ये शहराची महानगरपालिका स्थापन झाली. जुन्या नहराकडे मात्र हळूहळू दुर्लक्ष झाले. रस्ते रुंद करताना, इमारतींचे पाये खणताना त्याचे नळ कोठे फुटले, कोठे बुजले. शत्रूच्या फौजांना जे नष्ट करता आले नाही, त्याची हानी आपल्याच दुर्लक्षाने झाली. जमिनीखालची वस्तू डोळ्यांआड असते आणि जी डोळ्यांआड असते ती मनाआडही होते.

शहराचा कारभार करणाऱ्यांपुढे आजही तेच प्रश्न असतात. रस्ता कोठून न्यावा, पाणी कोठून आणावे, पैसा कशावर प्रथम खर्च करावा? अंबराच्या काळी याचा निर्णय एक पुरुष करीत असे. आज तो लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी करतात. म्हणून आता ही जबाबदारी एकट्या कारभाऱ्याची राहिलेली नाही, ती प्रत्येक नागरिकाची झाली आहे. जे काम दिसत नाही, पण ज्यावाचून नगर जगत नाही, अशा कामाची किंमत नागरिकांनी ओळखली, तरच त्यांचे प्रतिनिधीही ती ओळखतील.

बालपणी बाजारात विकला गेलेला एक अनाथ मुलगा परक्या देशात आला, त्या देशाला त्याने आपले मानले आणि तेथील लोकांची तहान भागविली. त्याचा जन्म कोठे झाला, हे त्याच्या हाती नव्हते. परंतु आपल्या मागे काय ठेवावे, हे त्याने स्वतः ठरविले. मलिक अंबराने लढाया जिंकल्या त्या इतिहासाच्या ग्रंथांत राहिल्या. त्याने आणलेले पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरोघरीच्या रांजणांत भरले गेले.